फेरेंगी, फिरंगी आणि लोभाची जात

'स्टार ट्रेक' ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेविषयी पुरोगामी वर्तुळांत एक प्रकारचे ममत्व आढळते. ते अगदीच निराधार आहे असे नाही. १९६६ साली, अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना, ह्या मालिकेने एका अवकाशयानाच्या नियंत्रण-कक्षात एक कृष्णवर्णीय स्त्री आणि आशियाई वंशाचा एक अधिकारी बरोबरीच्या नात्याने बसवला. पुढच्याच वर्षी, शीतयुद्ध चालू असतानाही, त्यांच्या शेजारी एक रशियन तरुण आणून बसवला. १९८७ साली सुरू झालेली 'द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका आणखी पुढे गेली. चोविसाव्या शतकातील मानवसमाजात भूक नाही, दारिद्र्य नाही आणि संपत्तीचा संचय हे जीवनाचे प्रयोजन राहिलेले नाही, अशी तिची भूमिका होती. १९८८ सालच्या एका भागात विसाव्या शतकात गोठवून ठेवलेला एक अमेरिकन धनिक जागा होतो आणि प्रथम आपल्या गुंतवणुकीची चौकशी करतो. मानवजात त्या बाल्यावस्थेतून केव्हाच बाहेर पडली आहे, असे कप्तान पिकार्ड त्याला समजावून सांगतो. एवढे पाहिल्यावर 'ही तर समाजवादी समाजरचनाच' असे उद्गार पुष्कळ सहृदय प्रेक्षकांच्या तोंडून निघाले, आजही निघतात.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधा प्रश्न पडला पाहिजे. मानवसमाजातून लोभ गेला, हे मान्य. पण तो गेला कोठे? मालिकेचे उत्तर असे की, तो दुसऱ्या ग्रहावर गेला. तेथे त्याला बुटका देह मिळाला, अजस्र कान मिळाले, टोकदार दात मिळाले आणि एक नाव मिळाले. ते नाव 'फेरेंगी'.

हे नाव ज्या शब्दावरून घेतले आहे, तो शब्द मराठी वाचकाला परका नाही. ह्या नावात आणि त्या कानांत जे राजकारण दडलेले आहे, त्याचा हिशेब मांडल्याखेरीज ह्या मालिकेच्या पुरोगामित्वाला प्रशस्तिपत्र देता येणार नाही.

रबराचा कान आणि जन्मजात स्वभाव

पडद्यावरचे परग्रहवासी बहुतांशी माणसासारखेच का दिसतात, ह्याचे कारण विज्ञानात नाही, खर्चाच्या वहीत आहे. दूरचित्रवाणीला दर आठवड्याला एक भाग तयार करावा लागतो. नट हा माणूसच असणार. त्याला दोन हात, दोन पाय आणि भावना दाखवणारा चेहरा असणार. तेव्हा कपाळावर रबराचा उंचवटा बसवला, कानाचे टोक वर ओढले किंवा नाकाला चार वळ्या पाडल्या, की एक नवा वंश तयार होतो. ह्या मालिकेतील क्लिंगॉन १९६७ साली प्रथम अवतरले, ते केवळ काळपट रंग आणि दाढीमिशा घेऊन. त्यांच्या कपाळावरचे कंगोरे आले ते १९७९ सालच्या चित्रपटात, पैसा हाती आल्यावर. इतके ग्रह आणि सर्वत्र माणसाचाच सांगाडा, हे विसंगत दिसते ह्याची जाणीव लेखकांना होती. म्हणून १९९३ सालच्या एका भागात त्यांनी एक कथा रचली: कोणा अतिप्राचीन वंशाने अनेक ग्रहांवर आपल्या जीवनाचे बीज पेरले, त्यामुळे सगळे एकमेकांसारखे दिसतात.

इथवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. रंगभूमीनेही राक्षसाला शिंगे लावली आणि देवाला मुकुट घातला. खरा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. चेहरा जसा एका रबरी तुकड्याने बदलला, तसा सबंध समाजाचा स्वभावही एका गुणाने ठरवण्यात आला. व्हल्कन म्हटला की तर्कनिष्ठ. क्लिंगॉन म्हटला की लढवय्या. रोम्युलन म्हटला की कपटी. आणि फेरेंगी म्हटला की लोभी. माणसांत मात्र संत आहेत, भेकड आहेत, कवी आहेत, यंत्रज्ञ आहेत. माणसाला व्यक्तिमत्त्व, इतरांना जातिस्वभाव! ज्या देशात 'अमक्या जातीचा माणूस असाच असायचा' हे वाक्य रोज कानी पडते, त्या देशातील वाचकाला ह्या वाटणीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. १८७१ साली ब्रिटिश सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. सबंध समाजाचा स्वभाव जन्माने ठरतो, ही कल्पना करमणुकीच्या वेषात आली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. खर्चाच्या मर्यादेने रबरी कानाचा खुलासा होईल. कानामागच्या मनाचा होणार नाही.

नावाचा इतिहास

फेरेंगी प्रत्यक्ष पडद्यावर आले ते १९८७ सालच्या ऑक्टोबरमध्ये, 'द लास्ट आउटपोस्ट' ह्या भागात. क्लिंगॉनांशी तोवर मैत्री झालेली होती. नवा शत्रू हवा होता. अंगावर कातडी, हातात विजेचे चाबूक, डोळ्यांत हाव, अशी ही मंडळी उड्या मारीत आली. प्रेक्षकांना त्यांची भीती न वाटता हसू आले, म्हणून पुढे त्यांना विदूषकाची भूमिका मिळाली. त्याच भागात यानावरील यंत्रमानव डेटा त्यांचे वर्णन करताना अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकेच्या समुद्रपर्यटक व्यापाऱ्यांचा दाखला देतो. म्हणजे साम्य कोणाशी आहे, हे लेखकांना पुरते ठाऊक होते.

नावानेही तेच सांगितले आहे. 'फ्रँक' ह्या युरोपीय लोकनामावरून अरबी-फारसीत एक शब्द बनला आणि तो पश्चिम आशियापासून हिंदुस्थानापर्यंत युरोपियन माणसासाठी रूढ झाला. मराठीत तो 'फिरंगी' झाला. मराठी मुलखात फिरंगी म्हणजे मुख्यत्वे पोर्तुगीज: १५१० साली गोवा घेणारा, १५३४ पासून वसईत ठाण मांडून बसलेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईतून घालवलेला. त्याच्यामागून डच आले, इंग्रज आले, फ्रेंच आले. ते व्यापार करायला आले, असे आपल्या शाळांतून शिकवले जाते आणि ते खरेच आहे. मात्र त्या व्यापाराची रीत काय होती? १६२१ साली डच कंपनीने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरील मूळ रहिवाशांचा जवळजवळ उच्छेद केला. इंग्रज कंपनीने १७६५ साली बंगालची दिवाणी मिळवली. त्यानंतर पाच वर्षांच्या आत बंगालने भीषण दुष्काळ पाहिला आणि माणसे मरत असतानाही महसुलाची वसुली थांबली नाही.

ह्या घटनांचे कर्ते बुटके नव्हते, त्यांचे कान मोठे नव्हते. लंडन आणि ॲमस्टरडॅम येथील प्रतिष्ठित भागधारक रविवारी प्रार्थनेला जात होते आणि कुटुंबवत्सलही असतील. लाभांश मात्र त्यांना वेळच्या वेळी हवा होता. लोभ त्यांच्या रक्तात नव्हता. तो सनदेत होता, मक्तेदारीत होता, भागभांडवलाच्या रचनेत होता. आज दयाळू असलेला संचालकही त्या खुर्चीत बसला की उद्या तेच करील, अशी ती रचना होती. मार्क्सने 'कॅपिटल'च्या १८६७ सालच्या प्रस्तावनेत भांडवलदाराला व्यक्ती म्हणून दोष देण्याचे टाळून त्याला आर्थिक संबंधांचा प्रतिनिधी मानले, ते ह्याच कारणास्तव.

आता दूरचित्रवाणीने काय केले ते पाहावे. आशियातील लोकांनी पाश्चात्त्य व्यापाऱ्याला दिलेले नाव तिने उचलले. त्या व्यापाऱ्याचे गुणही उचलले. नंतर ते नाव आणि ते गुण पाश्चात्त्य माणसाच्या अंगावरून काढून एका विद्रूप परग्रहवासीयाच्या अंगावर चढवले, आणि पाश्चात्त्य वळणाचा कप्तान त्याच्यासमोर नीतीचा उपदेश करायला उभा केला. ज्याच्या घरी चोरीचा माल आहे, त्यानेच शेजाऱ्याच्या दारावर 'चोर' अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार आहे.

वर्गाचा वंश झाला की काय होते

ह्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. फेरेंगी हे विडंबन आहे. त्यात अमेरिकन प्रेक्षकाला त्याचाच चेहरा दाखवलेला आहे. हेतू तसा असेलही. परंतु विडंबन सफल होण्यासाठी प्रेक्षकाने आरशासमोर उभे राहावे लागते. येथे त्याची जागा आधीच ठरलेली आहे: तो पिकार्डच्या शेजारी बसलेला आहे. समोरच्या पडद्यावर जे ओंगळ तोंड दिसते, ते दुसऱ्याचे आहे. अशा विडंबनातून आत्मपरीक्षण होत नाही, आत्मसंतोष मात्र वाढतो.

वर्गाचे रूपांतर वंशात केले की तीन गोष्टी घडतात. पहिली ही की, लोभ निसर्गदत्त ठरतो. जो गुण रक्तातून येतो, त्याच्यावर कायदा, संघटना, संप, मतपेटी ह्यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही. त्याला हसावे किंवा त्याच्यापासून दूर राहावे, एवढेच उरते. 'स्वार्थ हा मनुष्यस्वभावच आहे' असे सांगून भांडवलशाहीचे समर्थन करणारा अर्थपंडित आणि 'लोभ हा फेरेंगींचा स्वभावच आहे' असे सांगून तिची टर उडवणारा पटकथाकार, हे दोघे एकाच घरात राहतात. दोघांच्याही लेखी आर्थिक व्यवस्था इतिहासाने घडवलेली नाही, निसर्गाने दिलेली आहे.

दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. बुटका, मोठ्या अवयवांचा, सोन्यासाठी लाळ गाळणारा, परक्यांच्या बायकांवर डोळा ठेवणारा व्यापारी, ही प्रतिमा युरोपात नवी नाही. शतकानुशतके ती ज्यूंच्या व्यंगचित्रांत रंगवली गेली आणि तिचा शेवट कोठे झाला हे जगाने पाहिले. हा आरोप फेरेंगींच्या प्रतिमेवर अनेक समीक्षकांनी केलेला आहे. पटकथाकारांच्या मनात ज्यूद्वेष होता, असे म्हणण्याची आवश्यकता नाही. 'लोभी लोकांचा एक वंश दाखवा' असे ठरले की, हात आपोआप जुन्या साच्याकडे जातो, कारण तो साचा त्याच कामासाठी घडवलेला होता. ज्यूद्वेष हा मूर्खांचा समाजवाद होय, असे एक वचन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन सोशल डेमोक्रॅटांत प्रचलित होते; ते सामान्यतः बेबेलच्या नावावर सांगितले जाते. वचन कोणाचेही असो, इशारा अचूक आहे.

तिसरी गोष्ट ही की, सगळ्यांचे लक्ष फेरेंगींच्या तिजोरीकडे लागल्यामुळे मानवांच्या महासंघाची स्वतःची अर्थव्यवस्था तपासणीतून सुटते. त्या समाजात दारिद्र्य कसे नाहीसे झाले? मालिकेचे मुख्य उत्तर यंत्र हे आहे. 'रेप्लिकेटर' नावाच्या यंत्रासमोर उभे राहून मागाल ते अन्न, मागाल ती वस्तू मिळते. पण यंत्र कोणाच्या मालकीचे? उत्पादन मुबलक झाले म्हणजे वाटप न्याय्य होते, हा सिद्धांत कोणत्या अनुभवावर उभा आहे? १९४३ च्या बंगालमध्ये अन्नाच्या एकूण तुटवड्यापेक्षा ते मिळवण्याचा हक्क गमावल्यामुळे माणसे मेली, असे अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. कोठारे भरलेली असताना उपाशी झोपणारी माणसे आजही आहेत. यंत्राने विपुलता येईल. समता येण्यासाठी त्या यंत्राच्या मालकीचा प्रश्न सोडवावा लागेल आणि तो प्रश्न लढ्यावाचून सुटत नाही.

ह्याला एक सन्मान्य अपवाद आहे. 'डीप स्पेस नाईन' ह्या मालिकेत, १९९५ च्या जानेवारीत दाखवलेल्या दोन भागांच्या एका कथेत, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बेकारांना भिंतीआड कोंडलेले दाखवले आहे. तेथे उठाव होतो, आणि त्यानंतरच समाज बदलू लागतो. कथेतील ते साल होते २०२४. ते साल येऊन गेले. बेघर माणसे त्या शहरात आहेतच, मालिकेतला बदल मात्र आलेला नाही. वर्तमानातून त्या सुखी भविष्याकडे जाणारा रस्ता संघर्षातून जातो, हे त्या दोन भागांत एकदा दाखवले गेले. एरवी तो रस्ता पडद्याबाहेरच राहतो आणि प्रेक्षक थेट मुक्कामावर उतरतो.

मद्यगृहातील संप

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, ह्या चुकीची दुरुस्ती करण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न त्याच 'डीप स्पेस नाईन'ने केला. १९९३ ते १९९९ ह्या काळात ती प्रक्षेपित झाली. तिच्यात क्वार्क नावाचा फेरेंगी एका अवकाशस्थानकावर मद्यगृह आणि जुगारगृह चालवतो. ती भूमिका करणारा आर्मिन शिमरमन हा १९८७ च्या त्या पहिल्या भागातही फेरेंगी झाला होता. त्या वेळी उमटलेला विद्रूप ठसा पुसून काढण्याची त्याची इच्छा होती. हा नट पुढे पडद्यावरील कलावंतांच्या कामगार संघटनेच्या कार्यकारी मंडळावरही होता, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९९४ सालच्या एका भागात क्वार्क मानव कमांडरला सुनावतो की, तुम्ही आमचा तिरस्कार करता तो आम्ही तुमच्या भूतकाळाची आठवण करून देतो म्हणून. परंतु गुलामगिरी आणि छळछावण्या ह्या तुमच्या इतिहासात आहेत, आमच्या नाहीत. फिरंग्याच्या नावाने जन्मलेल्या पात्राने फिरंग्याच्या वारसाला दिलेले हे उत्तर फार मोलाचे आहे. मात्र क्वार्क एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. त्याच्या ग्रहावर स्त्रियांना व्यापार करण्याची बंदी आहे, नफा मिळवण्याची बंदी आहे, अंगावर कपडे घालण्याचीदेखील बंदी आहे. निम्म्या समाजाची ही अवस्था त्याला गुलामगिरी वाटत नाही. मालकवर्गाची स्मरणशक्ती सर्व ग्रहांवर सारखीच असते.

ह्या मालिकेचा खरा मानबिंदू म्हणजे १९९६ च्या फेब्रुवारीतील 'बार असोसिएशन' हा भाग. धंदा मंदावला म्हणून क्वार्क नोकरांच्या पगारात एक-तृतीयांश कपात करतो. त्याचा सख्खा भाऊ रॉम कानाच्या दुखण्याने आजारी आहे, पण आजारपणाची रजा नाही. शेवटी रॉम नोकरांची संघटना बांधतो, संप पुकारतो आणि मोठ्या भावाच्या तोंडावर कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या अखेरची कामगारांना घातलेली साद वाचून दाखवतो. स्थानकावरील आयरिश यंत्रज्ञ ओब्रायन अभिमानाने आपल्या एका पूर्वजाची गोष्ट सांगतो. तो पेनसिल्व्हेनियातील १९०२ च्या कोळसाखाण कामगारांच्या संपातला पुढारी होता. तो संप काल्पनिक नाही. अमेरिकन कामगार चळवळीच्या इतिहासातले ते मोठे प्रकरण आहे. अमेरिकन व्यापारी दूरचित्रवाणीवर कामगार संघटनेची बाजू इतक्या उघडपणे क्वचितच मांडली गेली असेल.

ह्या भागाचा सैद्धांतिक अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्या क्षणी फेरेंगींमध्ये मालक आणि नोकर असे दोन पक्ष पडले, त्या क्षणी 'फेरेंगींचा स्वभाव' ही गोष्टच संपली. मालकाच्या आणि नोकराच्या कानांची लांबी सारखीच आहे; हितसंबंध विरुद्ध आहेत. भागातच एक मार्मिक मुद्दा येतो: फेरेंगी नोकराला शोषण थांबवायचे नसते, त्याला स्वतः शोषक व्हायचे असते, म्हणून तो आजवर संघटित झाला नाही. हे वर्णन वंशाचे नाही. आपणही एक दिवस मालक होऊ, ह्या आशेवर प्रत्येकाला एकेकटे ठेवणारी ही विचारसरणी आहे. गिरणगावापासून डेट्रॉइटपर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याची तिच्याशी गाठ पडलेली आहे. पटकथाकारांनी वर्ग दाखवला आणि वंश आपोआप गळून पडला. फेरेंगींच्या मूळ कल्पनेवर ह्याहून मोठी टीका दुसरी कोणती असू शकेल?

तरीही शेवट पाहावा. फेरेंगींच्या व्यापारी सत्तेचा अधिकारी गुंड घेऊन येतो आणि धाक बसावा म्हणून क्वार्कलाच मारहाण होते. मग दोघे भाऊ तडजोड करतात: संघटना जाहीरपणे विसर्जित करायची आणि मागण्या गुपचूप मान्य करायच्या. रॉम नोकरी सोडून स्थानकावर यंत्रज्ञ होतो. म्हणजे पगार वाढला, रजा मिळाली, परंतु संघटना गेली आणि तिचा पुढारीही गेला. उद्या क्वार्कने शब्द फिरवला, तर त्याला विचारणार कोण? पुढे १९९९ साली, मालिकेच्या अखेरच्या भागांत, फेरेंगींच्या राज्यात कर, निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा आणि स्त्रियांचे हक्क येतात, आणि रॉम राष्ट्रप्रमुख होतो. हे सारे घडते ते वृद्ध सत्ताधीश झेक ह्याच्या मनात आले म्हणून, आणि रॉमची आई इश्का हिने त्याचे मन वळवले म्हणून. ज्या नोकरांनी एकदा संप केला होता, त्यांचे ह्या परिवर्तनात कोठे नावही नाही. सुधारणा राजवाड्यातून आली. रस्त्यावर तिचा पायरव ऐकू आला नाही.

स्टुडिओतील संप

पडद्यावरच्या संपाबरोबर पडद्यामागचे संपही लक्षात घेतले पाहिजेत. १९८८ साली अमेरिकेतील पटकथाकारांचा संप मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालला. त्यामुळे 'द नेक्स्ट जनरेशन'चे दुसरे वर्ष २२ भागांवर आटोपले आणि त्याची सुरुवात पूर्वी न झालेल्या एका मालिकेसाठी लिहून ठेवलेल्या जुन्या कथेने करावी लागली. २०२३ साली पटकथाकार १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर होते. जुन्या भागांच्या पुनःप्रक्षेपणाचा वाटा, यंत्राकडून लेखन करवून घेण्याला प्रतिबंध, अभिनेत्याच्या चेहऱ्याची यांत्रिक नक्कल करण्याला आळा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. समोर ज्या निर्मितिसंस्था होत्या, त्यांत 'स्टार ट्रेक'ची मालक असलेली पॅरामाउंट कंपनीही होती. तिचे संचालक कोणत्याही दूरच्या ग्रहावरून आलेले नव्हते.

ह्या कंपन्यांना विडंबनाची भीतीही वाटत नाही, कारण विडंबनही विकता येते. फेरेंगींचे नफ्याविषयीचे २८५ नियम हा मालिकेतला एक विनोद होता. १९९५ साली त्या नियमांचे पुस्तक निघाले, ते पॅरामाउंटच्या मालकांच्याच ताब्यातील प्रकाशनगृहातून. लोभाची टिंगल छापून त्यावर नफा कमावणारी ही व्यवस्था फेरेंगींना लाज आणील अशी आहे. तिच्यावर झालेली टीका तिच्या मालाच्या यादीत जमा होते आणि टीकाकाराला वाटते की आपण जिंकलो.

कान की वही

ह्या विषयाचा येथील कार्यकर्त्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुखरा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव कोसळलेला होता आणि सरकारने शेतसारा वाढवलेला होता. शेतकरी कर्जात बुडाला होता. त्या उठावात माणसांवर हात फारसा पडला नाही. शेतकऱ्यांनी कर्जरोखे आणि वह्या हुडकून जाळल्या. आपले शोषण कागदात आहे, हे त्या निरक्षर माणसांना कळले होते. पण त्याच उठावाविषयी चौकशी आयोगाने नोंदवले आहे की, मारवाडी आणि गुजर सावकारांचीच घरे जवळजवळ सर्वत्र लक्ष्य झाली. जेथे ब्राह्मण सावकारही तोच धंदा करीत होते, तेथे बहुधा त्यांना वगळले गेले. हाताला वही सापडली होती, डोळा मात्र कान शोधत होता. आणि ज्या सरकारच्या साऱ्यामुळे शेतकरी सावकाराच्या दारी गेला, ते सरकार नामानिराळे राहिले. १८७९ साली कर्जदार शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. साऱ्याची पद्धत तशीच राहिली.

आजही सभांतून, चहाच्या टपरीवर, कधीकधी पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या तोंडूनही 'अमक्या समाजाचे लोक जात्याच पैशाचे लोभी' हे वाक्य ऐकू येते. ते उच्चारणारा स्वतःला भांडवलशाहीचा शत्रू समजतो. वस्तुतः तो तिची सर्वांत मोठी चाकरी करीत असतो, कारण तो व्यवस्थेवरचा राग समाजाच्या एका गटाकडे वळवून देतो आणि आपल्या जातीतल्या सावकाराला, ठेकेदाराला आणि साखरसम्राटाला अभय देतो.

ह्याउलट धडा 'फिरंगी' ह्या शब्दाच्या अखेरच्या लढ्यात आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली. १९५५ साली नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रही घेऊन गोव्यात शिरले आणि त्यांनी मार खाल्ला. तो लढा सालाझारच्या राजवटीशी होता. पोर्तुगीज रक्ताशी त्याचे वैर नव्हते. गोवा १९६१ साली मुक्त झाला. सालाझारने उभारलेली राजवट खुद्द पोर्तुगालमधून गेली ती १९७४ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा लिस्बनच्या रस्त्यावर आनंदाने नाचणारी माणसेही व्युत्पत्तीने फिरंगीच होती. फिरंगीपण रक्तात असते, तर तो दिवस उजाडलाच नसता.

तेव्हा ह्या मालिका पाहू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. तरुण कार्यकर्त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. 'बार असोसिएशन' तर शाखेत एकत्र बसून पाहावा आणि त्यातील तडजोडीवर चर्चा घडवून आणावी. मात्र पाहताना एक सवय लावून घ्यावी. पडद्यावर किंवा गावात, जेव्हा कोणी एखाद्या लोकसमूहाकडे बोट दाखवून 'हे लोभी' असे सांगेल, तेव्हा त्यांचे कान न्याहाळीत बसू नये. वही मागावी: मालकी कोणाची, मजुरी किती, नफा कोणाच्या घरी गेला, आणि हे बोट दाखवणाऱ्याचा त्यात वाटा काय.